धाकटीला लातूरला नेलं त्या वर्षी

आमच्या घरच्या दोन महालक्ष्म्या दोन गावांत राहतात. थोरली लातूरला माझ्या थोरल्या जावेकडे आणि धाकटी नांदेडला माझ्याकडे. म्हणजे त्यांचे पितळी मुखवटे. बाकीचं अंग म्हणजे पत्र्याची कोठी. तिला साडी नेसवायची आणि वर मुखवटा बसवायचा. वाटणीच्या दिवशी सासऱ्यांनी दोन मुलांना एकेक मुखवटा दिला. सगळी भावकी म्हणते, म्हातारा हुशार होता, वर्षातून एकदा तरी भावांनी एकत्र यावं म्हणून त्यानं असं केलं. मी त्या दिवशी तिथं चहा देत होते. सकाळपासून समया, घागरी, पाट, बाजा, सगळं एक तुला एक मला असं चाललं होतं. मुखवट्यांपर्यंत येईस्तोवर सासरे इतके कंटाळले होते की त्याच हातानं त्यांनी हेही एक इकडं, एक तिकडं ठेवलं आणि पान खायला उठून गेले. पण चांगल्या गोष्टीला चांगलं कारण असलेलं बरं, म्हणून मी काही बोलले नाही.

तशी मी बोलतच नाही. आमच्या गावात शाळा चौथीपर्यंत होती, तेवढी शिकले. गुरुजी कविता म्हणायला उभं करायचे तेव्हा कविता सगळी यायची, आवाज यायचा नाही. लग्न झाल्यावरही तसंच. थोरल्या दिरांसमोर तर मी डोक्यावरचा पदर आणि मान दोन्ही खालीच ठेवत आले. त्यांना मी दादा म्हणते, म्हणजे मनात म्हणते.

बोलायचे ते एका आक्काशी. आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. तिचं माहेर निलंग्याकडं. तिचा आवाज शेतातून घरापर्यंत पोचणारा आहे आणि लातुरात इतकी वर्षं राहूनही ती घरात उभी असल्यासारखं नाही, शेतात उभी असल्यासारखंच बोलते. तिला बोलता येतं आणि मला जुळवता येतं. बारसं असो की हळदीकुंकू, बायका नाव घ्या म्हणाल्या की आक्का मला कोपरानं ढोसायची, मी तिच्या कानात दोन ओळी सांगायचे आणि ती त्या दणक्यात म्हणायची. सगळ्या भावकीत आक्काच्या उखाण्यांचं नाव आहे. एका बारशाला मला सर्दी झाली होती, घसा पार बसला होता. त्या दिवशी आक्काला काही सुचेना. बायका म्हणाल्या, आक्काची तब्येत बरी दिसत नाही.

रोज दुपारी जेवणं झाली की तिचा फोन यायचा. ती बोलायची, मी हसायचे. दिवसातलं माझं हसणं बहुतेक तेवढंच.

आमचे हे मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मापाडी आहेत, हळदीच्या काट्यावर. संध्याकाळी घरी येतात ते पिवळे होऊन. दादांची लातूरला पिठाची गिरणी आहे, ते दिवसभर पांढरे असतात. एवढाच फरक असता तर बरं होतं, पण दोघांचे पक्षही वेगळे. दोन्ही पक्षांनी दोघांना आजवर एकेक गमजा सोडून काही दिलेलं नाही, तरी दोघं असे भांडतात की जणू उद्या सकाळी मंत्री व्हायचं आहे. फोनवर घरच्यांचा एक ग्रुप आहे. त्याच्यावर पूर्वी लेकरांचे फोटो यायचे. आता एक भाऊ भाषण पाठवतो, दुसरा त्याच्यावर दुसरं भाषण पाठवतो, आणि मधल्यामध्ये कुणाच्या घरी बाळ झालं तर ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

महालक्ष्म्या एक वर्ष लातूरला बसतात, एक वर्ष नांदेडला. ज्याच्या घरी पाळी नसेल त्यानं आपला मुखवटा घेऊन जायचं. मागच्या वर्षी आमची पाळी होती. दादा आणि आक्का थोरलीला घेऊन आले. साड्या नेसवायची वेळ झाली. आक्कानं पहिली घडी उलगडली तर ती भगवी. एक भाऊ म्हणाला, "ही नको, लोक काय समजतील." आक्कानं हिरवी काढली. दुसरा म्हणाला, "मग ही बी नको." निळी काढली तेव्हा दोघंही गप्प बसले. ते दोघं एकदम गप्प बसले म्हणजे नकोच. पिवळी मीच बाजूला सारली, कारण ह्यांचे शर्ट धुऊन धुऊन तो रंग माझ्या डोळ्यांना नकोसा झाला आहे. आक्का कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"दुकानात जाऊन विचारू का," ती म्हणाली, "असा रंग दाखवा म्हणावं, ज्याचा उमेदवार उभा न्हाई."

मी ट्रंकेच्या तळाची वांगी रंगाची साडी हळूच पुढं सरकवली. आक्कानं ती दोघांसमोर धरली. "वांग्याचा पक्ष हाय का कुणाचा?"

दोघांनी खरोखर विचार केला. "अजून तरी न्हाई," दादा म्हणाले.

अशा रीतीनं त्या वर्षी महालक्ष्म्या वांगी रंगात बसल्या आणि फार सुंदर दिसल्या. आक्का आणि मी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून हसलो.

मग यंदा शिमग्याच्या आधी काय झालं, ते सांगते.

एका दुपारी आक्काचा फोन आला तो हसतच. दादांच्या पक्षाचा कुणी मोठा पुढारी त्यांच्या गल्लीतून जाणार होता.

"अगं, सकाळपासून हार घेऊन बसले होते," आक्का सांगू लागली. "दर अर्ध्या तासाला हाराला पाणी मारून राहिले. आणि हॉर्न वाजला तसे गिरणी चालू ठेवूनच पळाले. वरचं दळण संपलेलं, दगडावर दगड घासून राहिला. मी शेंगा फोडत बसलेली. वास आला तर मला वाटलं, शेजारणीचं दूध करपलं."

"मग?"

"मग काय. गाडी थांबलीच न्हाई. काचा बी खाली केल्या न्हाईत. हे हार घेऊन गाडीमागं चौकापर्यंत गेले. वापस आले तर हार हातात तसाच. म्हणले, आता ह्याचं काय करू. मी म्हणले, गिरणीला घाला, तीच येती कामाला."

आम्ही दोघी इतक्या हसलो की माझ्या पोटात दुखायला लागलं. फोन ठेवताना ती म्हणाली, "कुणाला सांगू नको गं. तुलाच सांगून राहिले."

मी कुणाला सांगितलं नाही. मी लिहिलं. लेकीच्या जुन्या वहीत मागची पानं कोरी असतात, त्यांच्यावर मी काही ना काही लिहीत असते. भाजी चिरताना ओळी जुळत गेल्या आणि कुकरच्या शिट्ट्या होईस्तोवर पूर्ण झाल्या.

पुढारी आले गल्लीत, दादा पळाले हार घेऊन,
गिरणी फिरली रिकामी, दगड गेला जळून.
पुढारी गेले निघून, हार राहिला हातात,
शेवटी घातला गिरणीला, तीच येते कामात.

लेकीला ती वही सापडली. तिनं जेवताना हसत हसत वाचून दाखवलं. हे म्हणाले, "वाच परत." तिनं परत वाचलं. ह्यांनी भाकरी खाली ठेवली, हात धुतला आणि फोन घेतला. एका बोटानं टाइप करायला त्यांना बराच वेळ लागला. मी "पाठवू नका" म्हणाले, पण इतक्या हळू की मलाच नीट ऐकू आलं नाही. आणि इथं खोटं कशाला लिहू, मनाच्या एका कोपऱ्यात पाठवावंसंही वाटत होतं. माझ्या ओळी आजवर फक्त आक्काच्या तोंडून लोकांनी ऐकल्या होत्या. एकदा तरी त्या लोकांसमोर लिहिलेल्या दिसाव्यात, असं वाटलं.

सगळा ग्रुप हसला. किनवटचे मामा, भोकरची आत्या, जे कधी बोलत नाहीत तेही हसले. "तुमच्यात हे गुण आहेत हे माहीत नव्हतं," असं कुणीतरी ह्यांना लिहिलं. "कधीकधी सुचतं," असं ह्यांनी उत्तर दिलं. त्यानंतर दादांनी लिहिलं, "तू फार मोठा शहाणा लागून गेलास." आणि ह्यांना ग्रुपमधून काढून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आक्काचा फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ओळी माझ्या आहेत हे भावकीतल्या कुणालाही कळलं नसेल, पण तिला पहिली ओळ वाचतानाच कळलं असणार, हे मला माहीत होतं. भाऊ भावावर रागावला होता, त्याचं मला फार वाटत नव्हतं, ते नेहमीच रागावतात. पण आक्कानं विश्वासानं सांगितलेलं मी चुलीवरून उचलून चव्हाट्यावर ठेवलं होतं. मी रोज फोन हातात घ्यायचे. घेऊन काय बोलू ते जुळायचं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला दोन ओळी सुचत नव्हत्या.

असाच शिमगा गेला, उन्हाळा गेला, पोळा गेला.

भादवा लागला. पाळी लातूरची होती. हे म्हणाले, "आपली आपल्या घरी बसवू. नवीन मुखवटा आणतो एक." आणि ते बाजारात गेले. दोन तासांनी पिशवी रिकामी घेऊन परत आले, दुकानदारावर चिडलेले.

"म्हणतो, एक मिळत न्हाई, जोड असतो. म्हणलं, मला एकच पायजे. तर म्हणतो, मग दुसरीचं मी काय करू, तिला एकटीला कोण नेणार."

मला वाटलं, तो दुकानदार माणूस म्हणून चांगला असावा.

"मग एकच बसवू," हे म्हणाले.

"एकटी बसत नसते."

"कुणी सांगितलं?"

मला पोथ्या येत नाहीत. मी म्हणाले, "ती थोरलीशिवाय जेवत नाही." मग मी म्हणाले, "मी नेते तिला लातूरला."

"कुणासोबत?"

"हिच्यासोबत," मी देव्हाऱ्याकडं बोट केलं.

हे माझ्याकडं बघतच राहिले. मी एकटी कधी मोंढ्यापर्यंतही गेलेली नाही. "जा," ते म्हणाले, "मी येणार न्हाई. त्यानं मला काढलंय." जणू त्यांना ग्रुपमधून नाही, लातूर जिल्ह्यातून काढलं होतं.

लेकीची परीक्षा होती. तिनं मला स्टँडवर सोडलं. मुखवटा खणात गुंडाळून स्टीलच्या डब्यात तांदळात बसवला होता. गाडी सुटली आणि कंडक्टर आला.

"डब्यात काय हाय मावशी? जड दिसून राहिलं."

"महालक्ष्मी," मी म्हणाले.

त्यानं आधी डब्याला हात लावून कपाळाला लावला. मग म्हणाला, "तुमचं अर्धं तिकीट. ह्यांचं?"

"त्या बी बाईमाणूसच हायत, अर्धंच घ्या," शेजारची म्हातारी म्हणाली.

"आधार कार्ड दाखवावं लागतं," कंडक्टर म्हणाला आणि तिकीट न फाडता पुढं गेला.

लोह्याच्या पुढं मागच्या सीटवरचे दोघं राजकारणावर आले. आधी हळू बोलत होते, मग मोठ्यानं, मग शिव्या सुरू झाल्या. कंडक्टर तिथूनच ओरडला, "गाडीत महालक्ष्मी हाय. शिव्या खाली उतरल्यावर द्या." दोघं ओशाळले. पुन्हा भांडायला लागले, पण शिव्या वगळून. शिव्या वगळल्यावर त्यांच्याकडं फार काही उरलं नाही आणि चाकूरच्या आत ते झोपी गेले. चाकूरला चार बायकांनी डबा उघडायला लावून दर्शन घेतलं. मी कुणाशी काही बोलले नाही, पण सगळ्यांना वाटलं मी फार सोवळ्यात आहे, म्हणून मला खिडकी मिळाली. त्या खिडकीतून सोयाबीन बघत मी एकच गोष्ट ठरवत होते, आक्काला काय म्हणायचं. लातूर आलं तरी ठरलं नाही.

घरासमोर गल्लीतल्या सात-आठ बायका जमल्या होत्या. उंबऱ्यापासून आतपर्यंत कुंकवाची पावलं काढलेली होती. मी डबा उघडून मुखवटा दोन्ही हातांत घेतला आणि आत बघितलं. कोपऱ्यात थोरली बसली होती, हार घालून, नथ घालून. तिच्या शेजारी दुसरी कोठी साडी नेसून उभी होती, दागिने घातलेले, ओटी भरलेली, आणि वर डोकं नव्हतं.

आक्का दारात आली. माझ्याकडं बघून "ये" म्हणाली नाही आणि "जा"ही म्हणाली नाही. ती तांब्या घेऊन वाकली. मुखवटा आणणारीचे पाय धुवायचे असतात, म्हणून तिनं धुतले. जरा जोरातच घासले. मग आत जाऊन उभी राहिली.

आमच्याकडं रीत अशी आहे. आतली बाई विचारते, "कोण आली?" बाहेरची म्हणते, "महालक्ष्मी आली." "कशाच्या पावलांनी आली?" "सोन्याच्या पावलांनी." "काय घेऊन आली?" "धनधान्य, लेकरंबाळं, सुखशांती." मगच उंबरा ओलांडायचा. इतकी वर्षं, पाळी कुणाचीही असो, बाहेर उभी राहून बोलायचं काम आक्काचंच होतं. मी आतून विचारायचे, आणि माझं कुणाला ऐकू आलं नाही तरी चालून जायचं.

"कोण आली?" आक्कानं विचारलं.

"महालक्ष्मी."

"ऐकू येईना."

"महालक्ष्मी आली."

"कशाच्या पावलांनी आली?"

सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या. माझ्या डोक्यातलं सोनं पार उडून गेलं. "एस.टी.नं आली," मी म्हणाले.

बायका हसल्या. आक्काचं तोंड तसंच.

"कुणाला विचारून आली?"

हे काही रीतीत नाही. बायकांचं हसणं थांबलं.

"कुणाला न विचारता आली," मी म्हणाले.

"काय घेऊन आली?"

"चार ओळी होत्या," मी म्हणाले. "त्या शिमग्याच्या आधीच पुढं पोचल्या. आता हात रिकामे हायत."

तेवढ्यात गिरणीकडच्या दारातून दादा आत आले होते. भुवयांपर्यंत पांढरे. ते खाकरले. पदर पुढं ओढायला माझा हात मोकळा नव्हता.

"त्या ओळी कुणाच्या?" आक्कानं विचारलं. तिला माहीत होतं. तरी तिनं विचारलं, सगळ्यांसमोर. आणि खरं म्हणजे मी तरी दुसऱ्या कशाला आले होते.

"माझ्या," मी म्हणाले.

दादांनी आक्काला विचारलं, "कुणाच्या म्हणली?"

"तिच्या."

"तिला बोलता येतं?" दादा म्हणाले.

"चारी ओळी माझ्या हायत," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "ह्यांनी नुसत्या पाठवल्या. सांगू नको म्हणून सांगितलेलं मी लिहून ठेवलं. चूक माझी."

"चारी कुठल्या?" आक्का म्हणाली. "तीन तुझ्या. चौथी माझी हाय." आणि म्हटल्यावर तिनं तोंडावर हात ठेवला.

दादांनी बायकोकडं बघितलं. सहा महिने ते एका भावावर रागावून बसले होते, आणि आता त्यांना कळत होतं की भावाचा ह्या कवितेत एक शब्द नाही, आणि शेवटची ओळ त्यांच्याच चुलीपुढं झालेली आहे.

"म्हणजे त्याचं ह्यात काहीच न्हाई?"

"हाय की," आक्का म्हणाली. "फोन त्याचा होता."

बायका हसल्या. दादा हसले नाहीत. "गिरणीला हार घाला, हे तू म्हणलीस तवा मी बी हसलो होतो," ते म्हणाले. "ते घरात होतं. भोकरच्या आत्यानं म्हणू नये."

"आधी देवीला आत घ्या बाई," गल्लीतली एक म्हणाली, "आणणारीचे पाय वाळून गेले."

"ये," आक्का म्हणाली. मी पावलांवर पाय ठेवत आत गेले. आक्कानं मुखवटा माझ्या हातातून घेतला आणि बिनडोक्याच्या कोठीवर बसवला. आत नथ सारखी करताना ती हळू म्हणाली, आणि आक्काचं हळू म्हणजे गल्लीला ऐकू येईल इतकं, "ह्यांनी नवा जोड आणलाय. तिथं गिरणीवर खोक्यात हाय. दुकानदार एक देईना म्हणून दोन्ही आणल्या. मी म्हणलं, बसवायची न्हाई. हिला अशीच उभी ठेवीन. कुणी विचारलं तर सांगीन, हिचं डोकं नांदेडला हाय."

"आणि मी आले नसते तर?"

"तर लोकांनी विचारलं असतं. मी सांगितलं असतं. तुझीच बदनामी झाली असती," ती म्हणाली. "फिटंफाट."

मी धाकटीच्या पदराच्या निऱ्या करत होते. त्या मला नीट दिसत नव्हत्या.

दादा अजून दारातच उभे होते. मी त्यांच्यापासून दोन हातांवर होते, पण ते मला थेट कधी बोलत नाहीत. ते आक्काला म्हणाले, "तिला म्हणावं, त्याच्यावर बी चार कर. एकट्यावरच कामून?"

आक्कानं मला कोपरानं ढोसलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा ढोसलं. ओळी लगेच आल्या, कारण त्या बऱ्याच दिवसांपासून होत्या. हे एकदा मोंढ्यातून थेट सभेला गेले होते, ते मी वहीत सुद्धा लिहिलेलं नव्हतं. मी आक्काच्या कानात सांगितलं आणि तिनं कमरेवर हात ठेवून दणक्यात म्हटलं:

"अंगावर हळद मोंढ्याची, निघाले थेट सभेला,
लोक म्हणाले नवरदेव चुकून आला मांडवाला.
खुर्ची मिळाली पुढची, पुढारी बोलला तासभर,
ह्यांनी मापलं सारं भाषण, भरलं न्हाई शेरभर."

दादा मिशीतल्या मिशीत हसले, आणि मिशीतून थोडं पीठ पडलं. त्यांनी फोन काढला. टाइप केलं, आक्काला दोनदा वाचून दाखवलं, मग थांबले. त्यांच्या लक्षात आलं की ज्याला चिडवायचं तो ग्रुपवर नाही. मग भावाला ग्रुपवर परत घेतलं आणि ओळी पाठवल्या.

थोड्या वेळात दादांना ह्यांचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही. "मी पुढच्या खुर्चीवर नव्हतो," हे म्हणाले. "दुसऱ्या रांगेत होतो."

"आणि माझी गिरणी दहा मिनिटंच रिकामी फिरली," दादा म्हणाले. "ते तू सांगितलंस का कुणाला?"

दोघंही बराच वेळ आपली बाजू मांडत राहिले. एकमेकांवर नव्हे, तर कवितेवर. मग दादा म्हणाले, "उद्या आंबील हाय. बारापर्यंत ये." आणि फोन ठेवला.

हे पहिल्या गाडीनं आले, अंग घासून धुऊन आले होते, तरी कानामागं पिवळं होतं. दोघं शेजारी पंगतीला बसले आणि सोळा भाज्यांपैकी चौथी वाढेपर्यंत पुन्हा पक्षावर आले. आक्का आंबिलीचं पातेलं घेऊन दोघांच्या मधे उभी राहिली. "भांडा," ती म्हणाली, "पण वाट्या पुढं करा." विसर्जनानंतर पंधरा दिवसांत दादांनी ह्यांना पुन्हा ग्रुपमधून काढलं. मग परत घेतलं. आता त्याचं कुणी मोजत नाही.

त्या पंगतीच्या दिवशी सकाळी पुरण वाटताना आक्का आणि मी दोघीच होतो. मी म्हणाले, "आक्का, मी आधी तुला विचारलं असतं तर पाठव म्हणाली असतीस?"

"न्हाई," आक्का म्हणाली.

मी पुरणाचा पुढचा गोळा घेतला.

"न्हाईच म्हणले असते," ती म्हणाली. "पण विचारायला तर पायजे होतं." मग पुरणाचा हात तसाच ठेवून ती दादांचं दुसरंच काहीतरी सांगायला लागली. गिरणीच्या वजनकाट्यावर ते स्वतः चढले त्याची गोष्ट. मधेच थांबली. माझ्याकडं बघितलं. "लिहिशील?"

"नाही."

"लिही," ती म्हणाली. "पण पहिल्यांदा मला वाचून दाखव."

म्हणून हे सगळं लिहून झाल्यावर काल दुपारी तिला फोनवर वाचून दाखवलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, माझ्या आवाजात. मधे दोनदा ती म्हणाली, ऐकू येईना, म्हणून मोठ्यानं वाचलं. ती बऱ्याच ठिकाणी हसली. वजनकाट्याच्या गोष्टीशी आल्यावर म्हणाली, त्या गोष्टीतलं पुढचं काढून टाक. मी काढलं.